थांबायला कुणी सांगितलं?

दुकानातून तयार आणलेला संगणक बिघडला की माणूस फोन फिरवतो. घरी जुळवलेला बिघडला की स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागतो. त्याच्याकडे पावत्यांचा गठ्ठा असतो: मदरबोर्डची वेगळी, रॅमची वेगळी, एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची, वेगळी. प्रत्येक भागाला वॉरंटी असते. ते सगळे मिळून जे होतं, त्याला नसते. बोर्डवाला म्हणतो सप्लाय बघा, सप्लायवाला म्हणतो बोर्ड बघा, आणि दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतो.

डोंबिवलीच्या आमच्या घरातला संगणक असाच असेंबल केलेला. भाच्याने लॅमिंग्टन रोडवर पायपीट करून एकेक वस्तू पारखून आणली. 1903 ते 1907 या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनच्या नावाचा हा रस्ता. कागदोपत्री तो केव्हाच डॉ. भडकमकर मार्ग झाला. रॅम मात्र अजून लॅमिंग्टनलाच मिळते. जुळवलेला संगणक काही वर्षं बिनतक्रार चालला आणि एका पावसाळ्यात, ऐन वाक्याच्या मधोमध, बंद झाला. कुरकुर नाही, इशारा नाही. मॉनिटर काळा, पंखा गप्प, आणि इतका वेळ त्या पंख्याच्या आवाजाखाली दबलेली लोकलची धडधड एकदम खोलीत शिरली. बटण दाबलं की तो मुकाट सुरू व्हायचा. कधी तासभर टिके, कधी चहा गाळेपर्यंतही नाही.

निळा पडदा येतो तेव्हा निदान विंडोजला दोन शब्द बोलायला उसंत मिळालेली असते. इथे तीही नव्हती. इव्हेंट व्ह्यूअर उघडला तर ‘कर्नल-पॉवर, 41’ अशी नोंद. मोठा सुगावा लागल्यासारखं वाटलं. पण ही नोंद संगणक बंद होताना होत नाही, पुन्हा सुरू झाल्यावर होते. गाढ झोपलेल्या वॉचमनने सकाळी उठून वहीत ‘रात्री काहीतरी झालं असावं’ असं लिहावं, तितपत तिचा उपयोग.

अशा वेळी ‘काय बिघडलं’ यापेक्षा ‘थांबायला कुणी सांगितलं’ हा प्रश्न जास्त कामाचा. कारण आतमध्ये थांबवण्याचा अधिकार असलेली मंडळी मोजकी असतात. प्रोसेसर शंभर अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. तरी पारा चढतच राहिला तर वीज तोडायची खूण करतो. एसएमपीएसला कुठे शॉर्ट झाल्याचं किंवा जास्त करंट ओढला जात असल्याचं जाणवलं की तो स्वतःच मिटतो. यातलं कुणीही विंडोजची परवानगी मागत नाही. वरवर दगा वाटतो, पण मुळात तो पहारा असतो.

म्हणून आधी विंडोजला चौकशीतून मोकळं केलं. संगणक नुसता बायोसच्या पडद्यावर सोडून दिला. तिथेही तो विझला. तिथे विंडोजचा संबंधच नाही, म्हणजे दोष हार्डवेअरचा. पुढचा संशय उष्णतेवर. हीट सिंकच्या पात्यांमध्ये रेल्वेलगतच्या वस्तीची धूळ इतकी घट्ट बसली होती की ब्रश लावताच तिची अख्खी पट्टी सोलून निघाली. खालची थर्मल पेस्ट वाळून तिचा भुगा झालेला. तो पुसून नवी पेस्ट लावली, डाळीच्या दाण्याएवढीच. बायोसमधला तापमानाचा आकडा उतरला, आमचं समाधान चढलं, आणि संगणक पुन्हा बंद झाला.

दुरुस्तीच्या दुकानात विचारलं, तर संगणकाकडे न बघताच निदान मिळालं, “मॅडम, एसएमपीएस गेला. बदलून टाका.”

भाचा म्हणाला, “मावशी, बदलायचं मग बघू. आधी मोजू.”

मोजणं सोपं असतं. सप्लायचा चोवीस पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढायचा, हिरव्या वायरीचं टोक तारेच्या तुकड्याने कुठल्याही काळ्या वायरीला जोडायचं. सप्लायला वाटतं बोर्डाने हाक मारली, त्याचा पंखा फिरू लागतो. मग मल्टिमीटर. पिवळ्या वायरीवर 12 व्होल्ट, लालवर 5, नारिंगीवर 3.3. पाच टक्के इकडेतिकडे चालतं; म्हणजे पिवळीवर 11.4 ते 12.6 पर्यंत काही आलं तरी तक्रार नाही. आमचे आकडे मर्यादेत होते. पण ओझं नसताना ताठ उभा राहणारा ओझ्याखाली वाकू शकतो, म्हणून भाच्याने मित्राचा सप्लाय आणून लावला. तरी तेच. मूळ सप्लाय उघडायला मात्र त्याने मला सक्त मनाई केली. भिंतीतले 230 व्होल्ट आत गेल्यावर कपॅसिटरवर सुमारे 325 होऊन बसतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ दबा धरून असतात.

मग यूपीएस काढून पाहिला, दुसऱ्या खोलीतलं सॉकेट पाहिलं, बोर्डावरच्या कपॅसिटरची डोकी टॉर्च लावून निरखली. बिघडलेल्या कपॅसिटरचं डोकं फुगतं, कधी फुटून त्यातून तपकिरी द्रव झिरपतो. सगळी डोकी सपाट होती.

शेवटी बोर्डच कॅबिनेटबाहेर काढला आणि जेवणाच्या टेबलावर, पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला. ग्राफिक्स कार्ड, डिस्क, दुसरी रॅम, नसली तरी चालेल असं सगळं बाजूला केलं. बटण तर कॅबिनेटबरोबर गेलेलं. भाच्याने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बोर्डावरच्या, बटणाच्या वायरी बसतात त्या दोन पिनांना क्षणभर टेकवलं आणि पंखा फिरला. त्या रात्री आम्ही ओट्याशी उभ्याने जेवलो आणि तो उघडावाघडा संगणक टेबल अडवून, एकदाही न विझता, रात्रभर चालत राहिला.

बाहेर जगतो आणि आत गेला की मरतो, तर कॅबिनेटमध्ये असं असतं तरी काय? पत्रा. बोर्ड पत्र्यापासून वर उचलून धरणारे पितळी स्टँडऑफ. त्यातला एखादा भलत्या जागी राहिला तर बोर्डाखालच्या डागाला टेकून शॉर्ट करू शकतो. ते सगळे जागच्या जागी होते. आणि दर्शनी भागातून येणाऱ्या काही बारीक वायरी. त्यातल्या दोन पॉवरच्या बटणाच्या.

इथे एक जुना नियम आठवावा लागतो. 1996 मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय नावाची नियमावली मांडली. बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर विंडोज काहीही करत असो, वीज तोडायची, ही त्यातलीच सोय. संगणक गोठतो तेव्हा आपण हाच नियम वापरतो. बोर्डाला बोट दिसत नसतं. त्याला दिसतात त्या दोन वायरी, जोडलेल्या किंवा सुटलेल्या.

भाच्याने मीटर बीपवर लावून दोन्ही टोकं त्या वायरींना धरली. बटणाला कुणाचाही हात नव्हता. मीटर वाजला. थांबला. पुन्हा वाजला, आणि या वेळी बराच वेळ वाजत राहिला. पावसाळ्याची दमट हवा आणि थकलेली स्प्रिंग यांच्यामुळे आतला इवलासा स्विच स्वतःच दाबला जात होता. आम्ही ज्याला बिघाड समजत होतो ते आज्ञापालन होतं. थांब म्हटलं गेलं, तो थांबला. म्हणणारं कुणी नव्हतं, एवढंच.

इलाज फुकटात झाला. रिसेटच्या बटणाच्या वायरी काढून पॉवरच्या पिनांवर बसवल्या. आता आमच्याकडे संगणक सुरू होतो तो रिसेटच्या बारीक बटणाने. मोठं गोल बटण शोभेला आहे. पाहुणे ते दाबतात, काहीच होत नाही, आणि ते सहानुभूतीने आमच्याकडे बघतात.

संशय बहुधा किमतीच्या क्रमाने फिरतो. आधी प्रोसेसर, मग बोर्ड, मग सप्लाय, आणि जे दोन-चार रुपयांचं आहे ते सगळ्यात शेवटी. तपास करायचा तर क्रम उलटा हवा: जे काढायला सोपं आणि फुकट, ते आधी. कॅबिनेटचं झाकण उघडावं, संगणक सुरू करावा आणि बटणाच्या वायरी पिनांवरून अलगद उपसून घ्याव्यात. मग तो विझायचा थांबला तर दोष बटणाचा. दोन मिनिटांचं काम. त्यावर कुणाची कमाई होत नाही, म्हणून ते दुकानात कुणी सांगत नाही.