रेड नदीकांठची पाठशाळा

गेला हिंवाळा मीं कॅनडांत, विनिपेग शहरीं मुलाच्या घरीं काढला. थंडीचें वर्णन करून वाचकांस गारठवीत नाहीं. शून्याखालीं पंचवीस अंश असतांही शाळा नेहमींप्रमाणें भरते, एवढें सांगितलें म्हणजे पुरे. माझी सात वर्षांची नात ज्या शाळेंत जाते तेथें बहुतेक सर्व विषय फ्रेंचमधून शिकवितात, आणि मौज अशी कीं वर्गांतील बहुतेक मुलांच्या घरीं फ्रेंचचा गंधही नाहीं. या पद्धतीस ‘इमर्शन’ म्हणतात. आपण निमज्जन म्हणूं. १९६५ सालीं क्वेबेक प्रांतांतील सेंट लँबर्ट गांवीं इंग्रजीभाषी पालकांच्या आग्रहावरून तिचा प्रयोग सुरू झाला. मुलांस बालवर्गांतच भाषेच्या डोहांत सोडावयाचें, व्याकरण मागाहून!

माझ्या कपाळास आठ्या पडल्या. चौतीस वर्षें मीं ‘रामः रामौ रामाः’ पासून संस्कृत शिकविलें. शिवाय तीन भाषांनीं पोरीचा गोंधळ होईल या भीतीनें मुलगा व सूनबाई तिच्याशीं इंग्रजींतच बोलत. तिला मराठी समजे, पण उत्तर इंग्रजींत येई. “मग मराठीनेंच काय पाप केलें?” असें मी एकदां जेवतांना बोलून गेलों. मुलगा शांतपणें म्हणाला, “बाबा, तुम्हीं चौतीस वर्षें संस्कृत शिकविलेंत. तुमचा एक तरी विद्यार्थी त्या भाषेंत पाणी मागूं शकेल का?” मी ताक संपवून उठलों.

फेब्रुवारींत येथील सेंट बॉनिफेस भागांत १९७० पासून व्वायाझर लोकांचा उत्सव भरतो. व्वायाझर म्हणजे भूर्जसालींच्या होड्यांतून लोंकरी कातड्यांचा व्यापार वाहणारे फ्रेंच नावाडी. जेथें नदी वल्हवितां येत नसे तेथें नव्वद नव्वद पौंडांचीं दोन गांठोडीं पाठीवर घेऊन ते वाट तुडवीत, आणि वल्हीं एका ठेक्यांत पडावीं म्हणून गात. आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणत, तसेंच तें. शाळाही आपल्यापुरता एक दिवस हा उत्सव करते.

पंधरा दिवस आधीं तयारी सुरू झाली आणि मी रिकामा म्हणून घरचा भार माझ्यावर आला. प्रथम कमरेचा पट्टा. खरा पट्टा मागाशिवाय, नुसत्या बोटांनीं लोंकर विणून करतात व त्यावर बाणाग्रांची नक्षी असते. आम्हीं कागदाचा केला. मग लांकडी चमचे. दोन चमचे पाठीला पाठ लावून गुडघ्यावर ठेका धरावयाचा, आमच्या चिपळ्यांचे चुलतभाऊ! सूनबाईंचे दोन चमचे या साधनेंत कामास आले.

पण खरी मौज उच्चारांची. फ्रेंचमध्यें अनुनासिक स्वर पदोपदीं. आम्हां कोंकणांतल्या माणसांच्या नाकांतल्या बोलण्याची पुण्यांत जी थट्टा झाली तिची येथें भरपाई झाली. ‘पाँ’ म्हणजे पाव, हें मी पहिल्याच दमांत म्हटलें आणि नात चकित झाली. पुढें लिंगांचा प्रश्न आला. इंग्रजीभाषी मुलांस निर्जीव वस्तूस लिंग असतें हेंच पटत नाहीं म्हणे. आमच्या मुलीस त्याचें कांहींच वाटेना. “नदी ती ना, आजोबा? मग ला रिव्हिएर!” ती चक्क मराठींत बोलली. चमच्यापाशीं मात्र अडली. आपला तो, त्यांची ती. “त्यांचें चुकलें,” असा निकाल तिनें दिला. मुलगा पलीकडे कांहीं वाचीत होता. तो बोलला नाहीं, पण पान उलटावयाचा थांबला.

एका रविवारीं तिला घेऊन सेंट बॉनिफेसच्या प्रार्थनामंदिरीं गेलों. १९६८ च्या आगींत तें जळालें. जुनी दर्शनी भिंत तेवढी उभी आहे. प्रांगणांत लुई रिएल याची समाधि. फ्रेंच व मूलनिवासी यांच्या मिश्र समाजाचा हा पुढारी. १८७० सालीं मॅनिटोबा प्रांत झाला तो मुख्यतः त्याच्या झगड्यानें, आणि १८८५ त त्यास फांशी दिलें. त्या आरंभींच्या कायद्यानें प्रांताच्या विधिमंडळांत व न्यायालयांत दोन्ही भाषांस स्थान होतें. १८९० त फ्रेंचचें तें स्थान गेलें आणि १९१६ त शाळांतूनही ती हद्दपार झाली. तपासनीस आला कीं शिक्षक फ्रेंच पुस्तकें लपवीत. तपासनिसाची धास्ती मला ठाऊक आहे. पण भाषाच लपवावी लागण्याची पाळी माझ्यावर कधीं आली नाहीं. १९७० त शिक्षणांत तिला पुन्हां बरोबरीचें स्थान मिळालें. ज्यांच्या तोंडून ती हिसकली त्यांच्या शेजाऱ्यांचीं मुलें आज ती हौसेनें शिकतात.

उत्सवाच्या दिवशीं शाळेनें आजीआजोबांस बोलाविलें होतें. वर्गाच्या बाई एक शब्दही इंग्रजी बोलल्या नाहींत. हातवारे करीत, चित्र दाखवीत. एक लहानगा धापा टाकीत आला आणि इंग्रजींत पाणी मागूं लागला. बाईंनीं नुसतें हंसून कानाला हात लावला. त्यानें क्षणभर विचार केला आणि फ्रेंचमध्यें मागितलें. पाणी मिळालें. मी मान खालीं घातली.

मग पटांगणांत पाक. मेपलचा रस आटवून, आणखी उकळून, स्वच्छ बर्फावर त्याची धार धरतात व घट्ट होतांच काडीला गुंडाळतात. सुमारें चाळीस लिटर कच्च्या रसाचा एक लिटर पाक होतो. गुऱ्हाळांतली काकवी आठवली. नातीनें एक काडी मला आणून दिली, बाईंकडे एकदां पाहून घेतलें आणि माझ्या कानाशीं हळूच म्हणाली, “आजोबा, जपून. दांतांना चिकटतें.”

इशारा यावयास अंमळ उशीर झाला. माझी वरची कवळी काडीबरोबर बाहेर आली होती. त्या रात्रीं मला भात मऊ करून वाढला, आणि मुलानें नातीकडे मीठ मागितलें तें मराठींत.