शब्दांची खतावणी

व्यापाऱ्याच्या घरात संध्याकाळी गल्ला मोजला जातो, रोजमेळ जुळवला जातो आणि एका रुपयाची तफावत निघाली तरी ती सापडेपर्यंत कोणी उठत नाही. हा संस्कार पूर्वजांनी आपल्याला दिला आणि त्यावरच आपल्या पेढ्या उभ्या राहिल्या. मात्र आपल्या मुलांच्या तोंडून किती शब्द नाहीसे होत आहेत, याचा हिशेब ठेवावा असे आपल्याला वाटत नाही. आपल्या समाजातील पुष्कळ मुले घरी गुजराती किंवा मारवाडी ऐकतात, शाळेत इंग्रजी शिकतात, दूरचित्रवाणीवरून हिंदी उचलतात. आणि ज्या गावाच्या आधाराने आपला व्यवसाय चालतो, त्या गावाची मराठी त्यांना केवळ उंबरठ्याबाहेर भेटते. चार भाषांचे भांडवल असूनही मनातले पुरतेपणी एकाही भाषेत सांगता येऊ नये, अशी त्यांची अवस्था होते.

आमच्याच घरातील उदाहरण सांगते. कडेगावात आमचे भुसार मालाचे दुकान तीन पिढ्यांचे आहे. मुलगा काही वर्षे पुण्यात नोकरीला होता. दोन वर्षांपूर्वी तो सहकुटुंब परतला, तेव्हा नातू दहा वर्षांचा होता. एके दिवशी तो दुकानात एकटाच बसला असताना एक वृद्ध शेतकरी आले आणि म्हणाले, "बाळा, शेठजी हायती का? शाळूचा इसार घ्यायचा हुता." शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी आणि इसार म्हणजे सौदा पक्का करण्यासाठी दिलेली आगाऊ रक्कम. हे दोन्ही शब्द आमच्या दुकानात नित्य उच्चारले जातात. नातवाला त्यांतला एकही उमगला नाही. शेतकरी हसले, तेही मायेने. परंतु नातवाने त्यानंतर दुकानात पाऊल टाकणे सोडले. शाळेतही तो गप्प राहू लागला, मुलांच्या खेळात कडेला उभा राहू लागला. सूनबाईंना काळजी होती ती गुणांची नव्हे. बोलके मूल मुके होत चालले आहे, ही ती काळजी होती. शिकवणीत मिळालेली शब्दार्थांची यादी त्याने पाठ केली, परीक्षेत उतरवली आणि आठवड्यात विसरला.

आमच्या घरी चौविहार पाळला जातो. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपतात आणि पुढची संध्याकाळ मोकळी असते. त्या वेळेत त्याला एखादी साहसकथा वाचून दाखवावी, असे मनात आले. साहसकथाच का? बोधकथेचा शेवट मुलाला आधीच ठाऊक असतो. साहसकथेत मात्र पुढे काय घडणार, हे कळण्याची निकड असते आणि त्या निकडीपोटी अनोळखी शब्दही मूल ओलांडून जाते, त्याचा अर्थ प्रसंगावरून ताडते. आमच्या पिढीला हे सुख भा. रा. भागवतांनी दिले. 'फास्टर फेणे' त्यांचाच. आणि ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती देणारेही तेच. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. धूमकेतूला शेंडेनक्षत्र म्हटले की उसाचा शेंडा पाहिलेल्या मुलाला आकाशातला तो झुपका आपोआप दिसतो, निराळा अर्थ सांगावा लागत नाही.

आम्ही निवडली ती व्हर्नचीच, ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या फिलिअस फॉगची कादंबरी, एका संक्षिप्त मराठी रूपांतरात. मूळ कथा १८७२ सालची. लंडनमधील एक शिस्तप्रिय गृहस्थ वीस हजार पौंडांची पैज लावून २ ऑक्टोबरला निघतो आणि २१ डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या आत त्याला परतायचे असते. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, मुंबई आणि कोलकाता १८७० मध्ये लोहमार्गाने जोडली गेली होती. त्यामुळे असा प्रवास तेव्हा नुकताच शक्य कोटीत आला होता.

पहिल्याच प्रकरणांत पैज आली आणि नातवाने थांबवले. "बा, हा जुगारच ना? मग आपण हे का वाचतो?" सप्तव्यसनांत जुगार पहिला, हे त्याने पाठशाळेत ऐकले होते. प्रश्न रास्त होता. त्या दिवशी त्याचे आजोबाही पुस्तकाजवळ येऊन बसले आणि पाऊण तास पुस्तक बाजूला राहिले. पैज, होड, जुगार, सट्टा, सौदा, विमा हे शब्द एकमेकांच्या शेजारी राहतात, पण त्यांची घरे वेगळी आहेत. पैजेत माणूस आपल्या बोलण्यामागे उभा राहतो. जुगारात तो नशिबावर पैसा टाकतो. सट्ट्यात माल हलत नाही, केवळ भावाच्या चढउतारावर नजर असते. सौद्यात माल आणि दाम दोन्ही हात बदलतात. विम्यात एकाचे संकट पुष्कळांनी वाटून घेतलेले असते. "मग फॉगची पैज चांगली की वाईट?" यावर आजोबांचे व माझे मत काही जुळले नाही. पैसा लागला की तो जुगारच, असे ते म्हणाले. शब्द राखण्यासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या माणसाला जुगारी म्हणवेना, असे मी म्हणाले. नातू दोघांकडे आळीपाळीने पाहत होता. शब्दांवरून मोठी माणसे वाद घालतात, याचेच त्याला नवल वाटले असावे.

कथा मुंबईला पोहोचली तेव्हा तर घरच्यांची गर्दी झाली. फॉगचा नोकर पासपार्तू मलबार हिलवरच्या देवळात पादत्राणांसह शिरतो, तेव्हा नातवाने कपाळावर हात मारला. पुढे आगगाडी घाट चढते. घाट त्याला खंबाटकीचा ठाऊक होता. मग कृष्णेचा घाट आठवला, आणि आत्याच्या बांगड्यांचा घाट सुबक आहे असे मी म्हणत असे, तेही आठवले. एकाच शब्दाचे तीन अर्थ त्याने स्वतः गोळा केले. पुढे अलाहाबादच्या अलीकडे रूळच संपतात, वर्तमानपत्रांनी मार्ग पूर्ण झाल्याचे छापलेले असूनही. "धंदा रुळावर आला" हे वडिलांच्या तोंडचे वाक्य कोठून आले, हे त्याला त्या दिवशी कळले. मग फॉग हत्ती पाहतो. तासाला दहा पौंड भाडे देऊ करतो, मालक नाही म्हणतो. तो भाडे वाढवत जातो, शेवटी विकत घेण्याची बोली हजार पौंडांपासून दोन हजारांवर नेतो. घासाघीस नेहमी भाव उतरवण्यासाठी होते. इथे गिऱ्हाईकच भाव चढवत होते. आजोबा मनमुराद हसले आणि म्हणाले, "गरजवंताला अक्कल नसते." ती म्हण नातवाने त्या आठवड्यात घरातील प्रत्येकाला निदान एकदा ऐकवली.

समुद्राचे शब्द मात्र कडेगावच्या मुलाला कोठून भेटणार? जहाजाने नांगर टाकला, हे वाचताच त्याला हसू आले. समुद्रात शेती कशी करतात, असे त्याने विचारले. मराठीत जमिनीचा आणि जहाजाचा नांगर एकच शब्द आहे. शेतातला नांगर फाळाने भुईत रुततो, जहाजाचा लोखंडी नख्यांनी तळाशी रुततो, एवढे सांगताच रुतणे आणि फाळ असे आणखी दोन शब्द पदरात पडले. शीड समजावण्यासाठी गच्चीवर वाळत घातलेली, वाऱ्याने फुगलेली चादर पुरली. डोलकाठी किती उंच असेल, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "आपल्या गावच्या ताबुताएवढी." मोहरममधील आमच्या गावचे उंच ताबूत ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे उत्तर पटेल.

सर्वांत अवघड शब्द होता रेखांश. आपण हरलो असे समजून फॉग लंडनमध्ये बसलेला असतो आणि अखेरीस कळते की पूर्वेकडे प्रवास केल्यामुळे त्याचा एक दिवस वाचला आहे. हे मुलाला कसे सांगावे? मी भिंतीवरचे सूर्यास्ताचे कोष्टक काढले. मुंबईच्या कोष्टकातील वेळ आपल्याला जशीच्या तशी का चालत नाही? कारण कडेगाव मुंबईच्या पूर्वेला आहे. इथे सूर्य काही मिनिटे आधी मावळतो. पूर्वेकडे एक रेखांश सरकले की चार मिनिटांचा फरक पडतो. तीनशे साठ गुणिले चार, हा गुणाकार त्याने स्वतः केला. एक हजार चारशे चाळीस मिनिटे, म्हणजे बरोबर एक अहोरात्र! चौविहारासाठी रोज पाहिल्या जाणाऱ्या त्या कागदात फॉगचे रहस्य दडले होते, याचा त्याला झालेला आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही.

वाचनाचे काही नियम आपोआप ठरत गेले. उत्कंठेच्या प्रसंगी कथा अडवायची नाही. शब्दांची चौकशी प्रकरण संपल्यावर, आणि एका दिवशी फार तर तीन शब्द. कोश शेवटी उघडायचा, आधी त्याने अंदाज सांगायचा. आजोबांनी त्याला एक जुनी खतावणी दिली. वाचलेला शब्द 'येणे' बाजूला लिहायचा. स्वतःच्या बोलण्यात तीनदा योग्य जागी वापरला की 'वसूल' असा शेरा मारायचा. पुष्कळ दिवसांनी माझ्या ध्यानात आले की यात नवे काहीच नाही. वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश असे स्वाध्यायाचे पाच प्रकार आपल्या आचार्यांनी सांगितले आहेत. कादंबरीला शास्त्राची योग्यता नाही, हे उघडच आहे. परंतु वाचणे, विचारणे, चिंतन करणे, घोकणे आणि दुसऱ्याला सांगणे हा क्रम शिकण्याच्या प्रत्येक वाटेवर उपयोगी पडतो. शिकवणीतल्या यादीत यांपैकी घोकणे तेवढे होते.

परीक्षेतील मराठीचे गुण थोडेच वाढले, हे प्रामाणिकपणे सांगते. त्याच्या वाक्यांत अजूनही गुजराती क्रियापदे डोकावतात. पण कुंडलच्या डोंगरावर झरी पार्श्वनाथांच्या दर्शनाला गेलो असता 'झरी'वरून झरा, झरणे, झिरपणे अशी माळ त्याने न विचारता गुंफली. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून आलेल्या आतेभावाला फॉगची संपूर्ण कथा त्याने ओट्यावर बसून सांगितली, आणि ती ऐकायला गल्लीतली चार मुलेही थांबली. त्यांच्याबरोबर तो आता खेळतो. खतावणीत डोलकाठी अद्याप 'येणे' बाजूलाच आहे. इसार आणि शाळू केव्हाच वसूल झाले.

वाचकहो, सुट्टी जवळ आली आहे. शिबिरे आणि वर्ग यांसाठी आपण सढळ हाताने खर्च करतो. त्यासोबत एक साहसकथा आणि रोजचा अर्धा तास एवढे तरी मुलांच्या नावे टाकून पाहावे. पुस्तक आपल्या मुलाच्या आवडीचे असावे, वाचणारा घरचा असावा, आणि शब्द विचारला गेला की घरातील कोणी तरी हातचे काम बाजूला ठेवावे. आजी-आजोबा असतील तर उत्तम; त्यांच्यापाशी असलेले पुष्कळ शब्द कोणत्याही पुस्तकात नाहीत, आणि ते विचारून घेण्याची मुदत फार मोठी नसते.