सी-फेसिंग घर

होस्टेलवर पहिल्या दिवशी ‘गाव कुठलं?’ म्हणून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, ‘मंडणगड तालुका, बाणकोट खाडीच्या काठावर.’ आमचा लातूरचा रूमी एकदम उठूनच बसला. ‘म्हणजे सी-फेसिंग? राव, लोक त्याचे कोटी मोजतात!’ तेव्हापासून मजल्यावर माझं नाव ‘सी-फेसिंग’ पडलं ते आजतागायत. दर सुट्टीत सगळ्यांचं आमच्याकडे यायचं ठरतं, मग सबमिशन येतं आणि राहून जातं. त्यामुळे घराची मागची बाजू कुणी पाहिलेलीच नाही. आज तीच दाखवतो.

पुढून घर फोटोतल्यासारखं आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढे सारवलेलं खळं. मागे स्वयंपाकघर, त्याला लागून मोरी, मोरीच्या पाण्यावर आजीचं अळू, अळूच्या पलीकडे गडगा आणि गडग्याच्या पलीकडे एकदम काहीच नाही! चाळीसेक फूट खाली खाडी. भरतीला पाणी कड्याच्या पायाला लागतं, ओहोटीला चिखल उघडा पडतो. लहानपणी चेंडू गडग्यापलीकडे गेला की तो सावित्री नदीला दिला असं समजून आम्ही घरी जायचो.

आमची दहावीची बॅच २०२० ची. लॉकडाऊनमुळे जिचा भूगोलाचा पेपर रद्द झाला ती. बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क मिळाले म्हणून मी फार खूश होतो. तो राहिलेला पेपर पुढे आमच्या कड्याने घेतला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. त्या दुपारी आम्ही सगळे माजघरात एका पलंगाखाली आणि आजी देवासमोर. आवाज एवढा होता, की माड पडलेले ऐकूच आले नाहीत, संध्याकाळी बाहेर आल्यावर दिसले. कौलं उडाली, वीज कित्येक दिवस नव्हती. मागचा रायवळ आंबा मात्र उभा राहिला. पणजोबांनी लावलेला. त्याची एक मोठी फांदी मोडली आणि उरलेला सगळा भार स्वयंपाकघरावर झुकलेला दिसू लागला. नंतर २०२१ च्या जुलैतला तो पाऊस. महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं तो. त्याच आठवड्यात आमचा गडगा दहा-बारा फूट लांबीचा तुकडा घेऊन खाली गेला. अळूच्या वाफ्यातून एक भेग निघाली, कड्याला समांतर, चार बोटं आत जातील एवढी. तळियेच्या बातम्या बघून आईने रात्री स्वयंपाकघरात जाणं बंद केलं. आजी मात्र स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत झोपायची, तिथेच झोपत राहिली.

घरात तीन पक्ष झाले. बाबा म्हणाले, आंबा तोडू, तो पडला तर आजीच्या खोलीवरच पडेल. मुंबईचा काका म्हणाला, भिंत बांधू. आजी म्हणाली, ‘कुणी कशाला हात लावायचा नाही. एवढी वर्षं राहिलंय ते राहील.’

मी सिव्हिलला आल्यावर साहजिकच काकाच्या पक्षात गेलो. दुसऱ्या वर्षाला जिओटेक सुरू झालं तसं मी वहीच्या मागच्या पानांवर रिटेनिंग वॉल डिझाइन करायला घेतली. आठवडाभर खपून ते आमच्या सरांना नेऊन दाखवलं. वाटलं, सर खूश होतील. सरांनी पान उलटंपालटं केलं आणि एकच विचारलं, ‘घराचं पाणी कुठे जातं?’

‘कुठलं पाणी, सर?’

‘सगळं. छपराचं, मोरीचं, भांड्यांचं.’

मी गप्प. कारण ते सगळं मागेच जात होतं!

मग सरांनी माझ्याच वहीत चित्र काढून दिलं. वर जांभा, छिद्राछिद्रांचा, पाणी झरझर आत घेणारा. खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती, लिथोमार्ज, ती पाणी सहज पुढे जाऊ देत नाही. वरून उतरलेलं पाणी या दोघांच्या सांध्यावर साठतं. माती भिजून नरम होते, आतल्या पाण्याचा दाब मातीचे कण एकमेकांपासून सुटे करतो, शिवाय भिजलेल्या मातीचं वजन वाढतं ते वेगळंच. खाली पायथा भरती खाते, वरून आपण पाणी पाजतो. मधल्यामध्ये कडा सरकतो. ‘आणि या भिंतीला वीप होल्स कुठे आहेत? मागचं पाणी बाहेर पडलं नाही, तर भिंत म्हणजे धरण होईल.’ हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या शेजारच्या वाडीत एकाने चिऱ्याची भक्कम भिंत घातली होती, पाणी जायला एक भोक नाही. २०२१ ला ती अख्खी खाडीत. त्यातून खाडीकाठ म्हणजे सीआरझेड, भिंत घालायची तर परवानगीचं प्रकरण वेगळं.

रूमवर येऊन हिशोब केला. छप्पर साधारण १२० चौरस मीटर. पाऊस आमच्याकडे साडेतीन मीटर धरा. गुणाकार ४२० घनमीटर. म्हणजे दहा हजार लिटरचे बेचाळीस टँकर, आणि निम्म्या छपराचं पाणी, एकवीस टँकर, थेट त्या भेगेवर. वर बारमाही मोरी. रूमी म्हणाला, ‘लातूरला पाठव.’

२०२४ च्या शिमग्याला घरी गेलो तेव्हा भेगेच्या दोन बाजूंना दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, बरोबर ६०० मिलिमीटर अंतरावर. बाबांना टेप वाचायला शिकवला. पावसाआधी मागच्या छपराला पन्हळ लावून पाणी पुढच्या वहाळीला काढलं, भेग चिकणमातीने बुजवून वर ताडपत्री घातली. मोरी हलवायचं काढलं आणि आजी उसळली. मोरी हलवायची म्हणजे अळू गेलं. त्या अळूचं फदफदं आमच्या पाच वाड्यांत प्रसिद्ध आहे. ‘तुमचं कॉलेज माझ्या अळवावर आलं होय?’ मोरी राहिली.

दिवाळीत टेप लावला. ६१४. एका पावसाळ्यात चौदा मिलिमीटर.

आजीला मिलिमीटर कळतात, पण पटत नाहीत. तेव्हा मला शिमग्याचा उरलेला पक्का गुलाबी रंग आठवला. एक पुडी बादलीत कालवून रात्री मोरीत ओतली आणि वरून चार बादल्या पाणी. दुसऱ्या दिवशी ओहोटीला आजीला हाताला धरून पाखाडीने खाली नेलं. कड्याच्या मध्यावर, जांभा संपून पांढरी माती लागते तिथे, नेहमीचा ओलावा होता. तो गुलाबी होता. खाली ओघळ आलेला.

आजी बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, ‘पाण्याने केलंन होय रे हे?’ थोड्या वेळाने, ‘आमच्याच.’ वर येईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. मला उगाचच चोर पकडून दिल्यासारखं वाटत होतं. आणि चोर घरातलाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अळूचे कंद स्वतः खणत होती.

आता झाडांचं. आमच्याकडे झाडं उतरवणारे एक दादा आहेत, शाळा सातवीपर्यंत. त्यांनी आंब्याला तीन फेऱ्या मारल्या, कोयत्याच्या पाठीने खोड वाजवत गेले. एका जागी आवाज बदलला. ‘इथे पोकळ आहे.’ मग मान वर करून म्हणाले, ‘पण याचा कल जुना. शेंडा बघा, परत सरळ वर गेलाय. झाड वाकल्यावर पुन्हा उभं राहिलंय ते.’ मग ते वळले कड्यावरच्या सुरूकडे, ज्याच्याकडे आमच्यापैकी कुणीच कधी बघितलं नव्हतं. ताठ काठीसारखा, अख्खाच्या अख्खा खाडीकडे कललेला. मागच्या बाजूची जमीन वीतभर उचललेली, तिच्यात ताजी चीर. ‘हा नवा कल. हा मुळांचा सगळा गड्डा घेऊन जाईल, आणि त्याबरोबर तुमची पडवीभर जागा.’ पाच वर्षं आम्ही आंब्यावरून भांडत होतो आणि धोका उभा होता दुसरीकडेच. कॉलेजात हे कुणी परीक्षेला विचारलं असतं तर मी नापासच झालो असतो.

सुरू वरून तुकड्या-तुकड्याने उतरवला, दोर बांधून, खाली न आपटता. बुंधा गुडघ्याएवढा ठेवला. बाबा मुळं खणायला निघाले होते, दादांनी थांबवलं. मुळं कुजायला काही वर्षं लागतात, तेवढी वर्षं ती वरची माती धरून ठेवतील. त्या मुदतीत दुसरं काही रुजायला हवं, म्हणून पुढच्या पावसाच्या तोंडावर आडव्या ओळींत वाळा लावला, वीतभर अंतराने. मुळं काही सगळा कडा धरत नाहीत हे सरांनी बजावलं होतं. ती वरच्या मीटर-दीड मीटरची राखण करतात, खोल घसरण त्यांच्या आवाक्याबाहेरची. आंबा तोडायला वनखात्याची परवानगी लागते, १९६४ च्या कायद्यातला आहे तो. पण आम्ही तोडलाच नाही. स्वयंपाकघरावरचा भार हलका केला, तेवढंच. पोकळी तशीच आहे. म्हणून आजीलाच तिथून हलवलं. तिची खाट आता पुढे ओटीवर. मागची खोली आणि मोरी पाडली. आईचं स्वयंपाकघर अर्धं माजघरात आलंय, त्यावरून रोज कुरबूर चालते. घर पुढून तेवढंच, मागून दहा फूट आखडलं.

पायथ्याचं काय, हा प्रश्न तसाच आहे. कड्याखाली दोन्ही बाजूंना तिवरं आहेत, मध्ये वीसेक फुटांची मोकळी फट, आणि कडा नेमका त्या फटीवरच खाल्लाय. आजोबांनी होडी ओढायला ती जागा साफ केली होती असं बाबा सांगतात. होडी केव्हाच गेली. आता तिथे कुणी पाय देत नाही. गेल्या मे महिन्यात चिखलातून आपोआप वर आलेली रोपं मी मोजली, अकरा. उधाणात किती टिकतील देव जाणे.

२०२५ च्या दिवाळीत टेप ६१६ दाखवत होता. वर्षात दोन मिलिमीटर. फार आनंद करू नये, एकेका पावसाळ्याच्या तुलनेवरून निष्कर्ष काढला तर सर वायवातून हाकलून देतील. बाबा मात्र आता दर रविवारी मोजतात. परवा मी मेसच्या रांगेत असताना फोन आला. ‘सोळा!’ एवढंच बोलले. मागून आजीचा आवाज, ‘त्याला सांग, पुढच्या दारचं अळू खाजरं निघालं. चिंच जास्त घालावी लागते.’