माथेरानांतील एक अंगण

दस्तुरी नाक्यावर मोटारींचें राज्य संपतें. पुढें तांबड्या मातीची वाट, जांभूळ-हिरड्यांची सावली आणि टापांचा आवाज. १९०७ सालीं नेरळहून छोटी आगगाडी आली. २०२२ पासून विजेच्या रिक्षांचे प्रयोगहि झाले. तरी कित्येक कुटुंबांचें पोट अद्याप घोड्यांवरच आहे.

गेल्या वैशाखांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों होतों. ज्या घोडेवाल्याशीं सकाळीं भाड्यासाठीं घासाघीस केली, त्यानेंच सायंकाळीं आम्हांस घरीं चहास नेलें. अंगणांतच तबेला. त्याची धाकटी मुलगी शिंगरास गूळ चारीत होती, आणि तें तिची वेणी ओढीत होतें. आमच्या मुलांस तिचा हेवा वाटला.

"ह्याची आई कोठें आहे?" आम्हीं सहज विचारलें.

"मागल्या पावसाळ्यांत पोट फुगून गेली, साहेब."

घोड्यास वांती होत नाहीं. म्हणून त्याचा पोटशूळ फार घातक. रात्रभर भर पावसांत बापलेक आळीपाळीनें तिला फिरवीत होते. पहाटे ती बसली, ती पुन्हां उठली नाहीं. तिचें खोगीर अजून खुंटीवर होतें. "दुसऱ्या घोड्यावर घालवत नाहीं," तो म्हणाला.

सकाळीं वांचविलेले पैसे आमच्या खिशांत होते. निघतांना ते आम्हीं मुलीच्या हातावर ठेवले. "ह्याचा गूळ आणीन," ती म्हणाली. आणि शिंगराकडे धांवली.