ब्लोअरच्या हरवलेल्या गती

आमच्या बडोद्यात मोटारीतील हीटरचा उपयोग पौष-माघातल्या दोन-चार पहाटांपुरताच. तथापि थंडीत ऊब आणि वैशाखात गारवा आपणांपर्यंत पोहोचविणारा पंखा एकच असतो, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. त्यास आपण सारे ब्लोअर म्हणतो. तो बिघडला की बाराही महिने अडचण, आणि पावसाळ्यात तर ती केवळ सुखसोयीची राहत नाही. बाहेर पाऊस, काचा बंद, आत चौघांचे श्वास. समोरची काच आतून पाहता पाहता धूसर होते. तिच्यावर वाऱ्याचा झोत सोडल्यावाचून विश्वामित्रीच्या पुलावर पुढचा सायकलस्वार दिसावयाचा नाही.

गेल्या आषाढात आमच्या गाडीच्या ब्लोअरने पहिल्या तीन गती टाकल्या. बटण एकवर, दोनवर, तीनवर फिरवावे तर पंखा निपचित. चारवर नेताच मात्र वादळ! शेजारी बसणाऱ्या आमच्या वृद्ध मातोश्रींचे सांधे त्या वादळाने धरू लागले. बंद ठेवावा तर रस्ता दिसेना.

एका गॅरेजवाल्याने काही न उघडताच ‘साहेब, मोटर बळी गई’ असा निकाल दिला. मराठीच्या एम. ए.लाही हा निकाल पटण्याजोगा नव्हता. जी मोटर चौथ्या गतीत एवढ्या जोमाने फिरते, ती जळाली कशी? दुसऱ्याचा उपाय याहून धाडसी : ‘डायरेक्ट करी दईए.’ म्हणजे मध्ये जे काही जळाले असेल ते वगळून तारेस तार जोडावयाची. या ‘डायरेक्ट’ शब्दाची आम्हांस जुनी धास्ती आहे. आपल्याकडील किती आगी त्याच्या पोटी जन्मल्या असतील!

शेवटी प्रतापनगरात मोटारींच्या विजेचे काम करणाऱ्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याने प्रथम चारही गती स्वतः फिरवून पाहिल्या व म्हणाला, “सर, मोटर शाबूत आहे. रेझिस्टर गेला.”

वाचकांपैकी वडीलधाऱ्यांना छताच्या पंख्याचा जुना, वीतभर लांबीचा रेग्युलेटर आठवत असेल. हात लावला तर कोमट लागे. येथेही तेच तत्त्व. गाडीच्या १२ व्होल्टच्या विजेस वाटेत तारेच्या वेटोळ्यांचा रोध केला की मोटर मंद फिरते. पहिल्या गतीत वीज सर्व वेटोळ्यांतून जाते, दुसरी-तिसरीत थोड्या वेटोळ्यांतून, आणि चौथ्या गतीत वेटोळी टाळून सरळ मोटरीकडे. म्हणून चौथी तेवढी उरली तर दोष बहुधा रेझिस्टरचा. एखादीच गती गेली तर एखादे वेटोळे तुटलेले, नाहीतर बटण झिजलेले. चारही गेल्या तरच फ्यूज, रिले, मोटर यांची चौकशी. १८२७ साली ओमने मांडलेला नियम प्रतापनगरातही लागू पडतो. (स्वयंचलित वातानुकूलनाच्या अनेक गाड्यांत मात्र वेटोळ्यांऐवजी इलेक्ट्रॉनिक भाग असतो, तेथे हे गणित चालत नाही.)

रोध झालेली वीज उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. वेटोळ्यांत ६ व्होल्ट खर्ची पडले आणि प्रवाह ५ अँपिअर असला, तर ३० वॅट उष्णता झाली! म्हणूनच हा रेझिस्टर ब्लोअरच्या वाऱ्याच्या वाटेतच बसवितात. ज्या पंख्यास तो आवर घालतो, त्याच पंख्याच्या वाऱ्याने तो गार राहतो. शिवाय त्याच्या अंगी एक छोटा फ्यूज असतो. उष्णता मर्यादेबाहेर गेली की तो तुटतो आणि आग टळते. ‘डायरेक्ट’वाले नेमका हाच पहारेकरी घरी पाठवितात.

विद्यार्थ्याने बॅटरीची तार सोडविली, डाव्या बाजूचा कप्पा उतरविला आणि दोन स्क्रू काढून ती लहानशी पट्टी बाहेर घेतली. मीटर लावला; वेटोळी शाबूत, फ्यूज तुटलेला. नवी पट्टी तेथल्या तेथे बसविता आली असती. पण तो म्हणाला, “सर, ही का जळली ते आधी बघू या. नाहीतर महिन्याभरात परत याल.”

हवेची गाळणी काढली, तो तिच्यावर कडुनिंबाच्या वाळक्या पानांचा थर! शाळेच्या आवारात आमची गाडी निंबाखाली उभी असते. बडोदे वडाचे गाव खरे, पण वडाचे पान काचेखालच्या जाळीतून शिरत नाही, निंबाचे शिरते. वारा कोंडला, रेझिस्टर तापत गेला. त्याने मोटरही हाताने फिरवून पाहिली, ती अडकत नव्हती. प्लगही वितळलेला नव्हता. तसे असते तर मोटर अधिक वीज ओढते आहे असे समजून तिचाही विचार करावा लागला असता.

१८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने ज्या नगरीत कलाभवन उभे राहिले, तेथे शास्त्र जाणून हात चालविणारा कारागीर अद्याप भेटतो, याचा आम्हांस मास्तर म्हणून काहीसा स्वार्थी आनंद झाला. नव्या पट्टीचा खर्च मोटरीच्या मानाने किरकोळ आला. गाळणी नवी घातली, जाळी झाडून घेतली. मातोश्री आता एकवर बटण ठेवून स्वस्थ बसतात आणि काचही स्वच्छ राहते. जुनी पट्टी आम्ही मागून घेतली. दहावीच्या मुलांना एकसर जोडणी शिकविताना विज्ञानाचे शिक्षक हल्ली तीच वर्गात फिरवितात.