टोपडे जरा वर सरकवून पाहा

बाळ जन्मले की आपल्याकडे आधी नाक पाहतात, मग रंग. कान मात्र टोपड्यात झाकलेलेच राहतात. आमच्या नातीचेही तसेच झाले असते. तिचा जन्म उल्हासनगरचा, सूनबाईंच्या माहेरचा. तिसऱ्या दिवशी अंघोळ घालणाऱ्या मावशींनी टोपडे काढले आणि म्हणाल्या, "उजव्या कानाची कड खाली मुडपलीय की! ग्रहणात काही चिरलंस का गं?"

सूनबाई तेव्हा गप्प राहिल्या. संध्याकाळी आम्ही बदलापूरहून भेटायला गेलो, तेव्हा रडत विचारू लागल्या, "आई, मी त्या दिवशी भाजी चिरली होती. त्याचंच असेल का?" आम्हाला फार राग आला. मावशींचा नव्हे, त्या समजुतीचा. चंद्रावर पृथ्वीची सावली पडते, त्यात विळीचा काय संबंध? पोटात बाळाचे डोके एका बाजूला दाबले गेले तरी कान मुडपतो. पण बोल लागतो तो बाईलाच.

पाचव्या दिवशी दुपारच्या लोकलने मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात प्लास्टिक सर्जरी विभाग गाठला. डॉक्टरांनी कान बोटाने उलगडून पाहिला. म्हणाले, सगळे भाग आहेत, फक्त घडी पडली आहे. काही कान पहिल्या आठवड्यात आपोआप सुटतात, म्हणून चार दिवसांनी या. पण महिन्याने येऊ नका.

कारण त्यांनी सोपे करून सांगितले. आईकडून आलेले इस्ट्रोजेन बाळाच्या रक्तात जन्मानंतरचे पहिले तीन दिवस भरपूर असते. त्यामुळे कानाची कूर्चा ओल्या मातीसारखी मऊ राहते. सहा आठवड्यांत ते उतरते, कूर्चा ताठर होते. जपानमधील मात्सुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ही बिनशस्त्रक्रियेची पद्धत मांडली. वेळ निघून गेली तर पाच-सहा वर्षांचे झाल्यावर शस्त्रक्रिया. तोवर शाळेत पोरे चिडवायला मोकळी.

कान सुटला नाही. नवव्या दिवशी कानामागचे केस काढून, नळीत घातलेली मऊ तार कानाच्या खोबणीत बसवली आणि चिकटपट्टीने धरून ठेवली. बाळ दूध प्यायले आणि झोपले. दर आठवड्याला पट्टी बदलायला जायचे, एवढाच त्रास. एकदा कातडी लाल झाली, तेव्हा दोन दिवस पट्टी काढून ठेवली. घरी स्वतः चिकटपट्टी लावू नका, असे त्यांनी बजावले ते यासाठीच. नवजात बाळाची कातडी सोलते. चार आठवड्यांनी कड सरळ झाली. बारशाला कान टोचायचे होते, ते पुढे ढकलले. आत्याबाई थोड्या रुसल्या.

कानाचा भागच नसेल तर मात्र तारेने काम होत नाही. तिथे आधी ऐकू येते का ते तपासावे लागते. कान पुढे बरगडीच्या कूर्चेतून घडवतात, तेही मूल आठ-दहा वर्षांचे झाल्यावर.

बालकांच्या तपासणीसाठी २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत जन्मजात बहिरेपणा होता, कानाच्या आकाराला वेगळी जागा नव्हती. तेव्हा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात असो, अंबरनाथच्या छाया रुग्णालयात असो की बदलापूरच्या एखाद्या प्रसूतिगृहात, घरी निघण्यापूर्वी डॉक्टरांना एवढे विचारा: "बाळाचे दोन्ही कान पाहिलेत का?"