रोज घालायचे साधे बूट

डोंबिवलीहून सकाळची लोकल, मग सीएसएमटीपासून बॅलार्ड इस्टेटपर्यंत चालत. संध्याकाळी परत तेच, बहुतेक उभ्यानेच. हे सगळं मी वर्षानुवर्षं सपाट चपला घालून केलं. मग टाच दुखायला लागली. सकाळी पलंगावरून उतरताना पहिली पावलं टाकायचीच भीती वाटायची. डॉक्टरांनी चपला बंद करून टाचेला आधार देणारे बूट घालायला सांगितलं.

मला साधे, एका रंगाचे स्नीकर हवे होते. कुर्त्यावर चालतील, जीन्सवरही चालतील असे. दुकानात बायकांच्या कप्प्यात गुलाबी पट्टे, चमकी आणि पुढून चिंचोळे बूट. माझा नंबर सात. "लेडीजमध्ये एवढा मोठा शक्यतो येत नाही," असं विक्रेता सगळ्यांसमोर म्हणाला, तेव्हा मला लाज वाटली. उगाचच, पण वाटली.

शेवटी ऑनलाइन पांढरे बूट मागवले. दिसायला अगदी मनातले. पण करंगळीला फोड आला, आणि जुलैच्या पावसात पुढून तळ सुटला.

स्टेशनबाहेरच्या मोचीकाकांनी बूट हातात घेऊन वाकवला. "ताई, हा नुसता पेस्टिंगचा आहे. कडेला शिलाई दिसते ना, ती साच्यात उमटवलेली रेघ आहे. आतली गादी उचलून बघा, दोरा कुठे आहे?" खरंच नव्हता. त्यांनी दोन्ही बुटांना कडेने शिलाई मारून दिली, आणि तो जोड पुढे बराच टिकला. बूट कसा बघायचा हे मला त्यांच्याकडून कळलं. साध्या बुटावर नक्षी नसते, पट्टे नसतात. मग उरतं काय, तर वरचा माल, तळ आणि आकार. तेवढंच नीट बघायचं.

पुढचे बूट घ्यायच्या आधी मी घरी पाऊल मोजलं, तेही संध्याकाळी. दिवसभर उभं राहून पाऊल थोडं सुजतं, म्हणून सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. वर्तमानपत्रावर उभं राहून दोन्ही पावलं आखली. उजवं जरा मोठं निघालं. नंबर मोठ्या पावलाचा घ्यायचा. यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटरचा असतो, म्हणजे अर्ध्या नंबरानेही चांगलाच फरक पडतो. हे यूके नंबर बायका-पुरुषांना बहुतेक सारखेच असतात (अमेरिकन नंबर वेगळे). त्यामुळे मी सरळ पुरुषांच्या कप्प्यात गेले. तिथे सात नंबर सहज मिळाला, आणि चवड्यालाही रुंद.

दुकानात आतली गादी काढून तिच्यावर उभी राहिले. करंगळी गादीबाहेर गेली की तो जोड परत. अंगठ्यापुढे साधारण सेंटीमीटरभर जागा हवी. बूट वाकवला तर चवड्याशी वाकावा, मधोमध दुमडला तर टाचेच्या दुखण्याला तो उपयोगाचा नाही. टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबून बघितला. तो लगेच आत गेला नाही, हे बरं वाटलं.

जिभेच्या आतलं छोटं लेबलही वाचायला शिकले. युरोपात 1994च्या नियमाने आलेली ही चित्रं इथल्या पुष्कळ बुटांवरही असतात. बुटाचा वरचा भाग, अस्तर आणि तळ अशी तीन चित्रं. त्यांच्यापुढे कातड्याचा आकार असेल तर चामडं, त्या आकारात चौकट असेल तर लेप दिलेलं चामडं, जाळी म्हणजे कापड, आणि नुसती चौकट म्हणजे इतर माल. ही चौकट बहुतेक वेळा सिंथेटिकची असते. माझ्या पांढऱ्या बुटांवर तिन्ही ठिकाणी चौकट होती.

मी राखाडी चामड्याचे, खऱ्या शिलाईचे, रबरी तळाचे घेतले. पांढरे मनात होते, पण प्लॅटफॉर्मवर पाय पडतातच. असे साधे बूट आतून बरेच सपाट असतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली कमानीची गादी आत घातली. ती मावण्यासाठी मूळची गादी काढता येणारी लागते, हे घेतानाच बघून ठेवा. टाच महिन्याभरात पूर्ण बरी झाली असं नाही. पण सकाळची ती भीती हळूहळू गेली.

पावसाळ्यात मी हे बूट ऑफिसातच ठेवते आणि मागे पट्टा असलेल्या रबरी सँडलने प्रवास करते. कधी भिजलेच तर गादी बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरते आणि पंख्याखाली ठेवते. उन्हात ठेवत नाही, चामडं कडक होऊन तडकतं.

सवलत लागली तरी दुसरा जोड घेऊन ठेवणं मी टाळते. नवऱ्याचे ठेवणीतले बूट खोक्यात राहून राहून खराब झाले. लग्नाला घालायला काढले तर तळाचा भुगा पडला. तो पीयूचा (पॉलियुरेथेनचा) तळ होता. दमट हवेत पीयू न वापरताही आतून तुटत जातो.